कॅसेट कुठे थांबली ते बघा: उतरणीचा पहिला अल्बम ओळखायची माझी रीत

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर दादानं आणि मी १९८८ पासून २००३ पर्यंत कॅसेट लायब्ररी चालवली. डिपॉझिट दोनशे रुपये, दिवसाचं भाडं दोन रुपये, आणि दारावर दादाच्या अक्षरातली पाटी : ‘कॅसेट रिवाइंड करूनच परत करावी.’ निम्मे लोक करायचे नाहीत. दादा चिडायचा. मला मात्र न गुंडाळलेली कॅसेटच हवी असायची, कारण माणूस ऐकता ऐकता कुठे थांबला ते तिच्या छोट्या खिडकीतून दिसायचं. दोन्ही रिळं सारखी जाड असली तर बाजू अर्ध्यावर सोडलेली. डावं रीळ गुबगुबीत आणि उजवं बारीक असलं तर दोन गाणी ऐकून कॅसेट काढून टाकलेली. उजवं पूर्ण भरलेलं असलं की मला बरं वाटायचं. कुणीतरी शेवटपर्यंत बसून ऐकलं होतं.

काही अल्बम धो धो खपतात, पेपरात फोटो येतात, दुकानापुढे रांगा लागतात, आणि त्याच अल्बमपासून तो कलावंत उतरणीला लागलेला असतो. हे त्या दिवसांत कुणाला कळत नाही. कळतं ते दोन-तीन वर्षांनी, पुढचा अल्बम आल्यावर. आमच्या रजिस्टरमुळे आणि त्या खिडकीमुळे मला ते जरा लवकर दिसायला लागलं. आता कोथरूडला माझ्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सात-आठ जण ऐकायला जमतात, त्यांना मी हीच रीत शिकवते. कुणाची फजिती बघायला हे करायचं नाही. अशा अल्बममध्ये एखाद-दोन फार सुंदर गाणी गाडली गेलेली असतात, आणि गर्दी ओसरल्यावर तिकडे कुणी फिरकत नाही. ती गाणी परत मिळवायची तर आधी त्यांच्यावरचा ढिगारा कशाचा आहे ते कळायला हवं.

सुरुवात वहीपासून करा. एका पानावर कलावंताचे तीन अल्बम लिहा : ज्यानं त्याला शिखरावर नेलं तो, तुम्हाला ज्याचा संशय आहे तो, आणि त्याच्या नंतरचा. एकटा अल्बम ऐकून उतरण कळत नाही. ती दोन टेकड्यांच्या मधे असते. तिन्ही ऐकायचे, पण क्रमानं नाही. आधी पहिला, मग तिसरा, आणि शेवटी मधला. पहिला आणि तिसरा कानात असताना मधला ऐकलात की त्यातलं काय मागून आलंय आणि काय पुढे चाललंय हे आपोआप वेगळं होतं.

मी नेहमी ओएसिसपासून सुरुवात करून देते, कारण हे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे घडलं. इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या रॉक बँडची ही मंडळी. त्यांचा ‘मॉर्निंग ग्लोरी’ १९९५ च्या ऑक्टोबरात आला आणि ‘वंडरवॉल’ फर्ग्युसनच्या कट्ट्यापासून कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटपर्यंत प्रत्येक गिटारवाल्या पोराच्या बोटांवर बसलं. तिकडे १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला त्यांचे दोन रात्री कार्यक्रम झाले, रात्रीला सव्वा लाख माणूस. तिकिटांसाठी पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले होते. आणि मग २१ ऑगस्ट १९९७ ला, एका गुरुवारी, ‘बी हिअर नाऊ’ आला. ब्रिटनमध्ये पहिल्याच दिवशी चार लाखांवर प्रती गेल्या, शनिवार संध्याकाळपर्यंत साडेसहा लाखांवर. तिथल्या समीक्षकांनीही डोक्यावर घेतला.

आमच्याकडे कॅसेट गणपतीच्या सुमारास आली. दादानं दोन घेतल्या, एरवी आम्ही एकच घ्यायचो. तरी दिवाळीपर्यंत दोन्हींच्या नोंदींचं पान भरलं, आगाऊ नावं लिहून ठेवावी लागली. दादा खूश होता. पण परत येणाऱ्या कॅसेटच्या खिडक्या मला वेगळंच सांगत होत्या. बहुतेक वेळा ए बाजूचं डावं रीळ अजून जाडच असायचं. तिसरं गाणं ‘मॅजिक पाय’, सात मिनिटांच्या वर, तिथेच कुठेतरी माणसं थांबत होती. बी बाजू तर कित्येकांनी लावलेलीच नव्हती. आणि त्याच आठवड्यात ‘मॉर्निंग ग्लोरी’ची दोन वर्षं जुनी कॅसेट, जिचा फेल्टचा तुकडा आम्ही दोनदा चिकटवला होता, पुन्हा शेवटपर्यंत वाजून यायची. दिवाळीनंतर ‘बी हिअर नाऊ’चं पान कोरं राहायला लागलं. उन्हाळ्यापर्यंत दोन्ही कॅसेट कपाटात होत्या.

तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि आजही पहिल्यांदा हेच सांगते : पहिल्या आठवड्याचा खप हा आधीच्या अल्बमचा खप असतो. त्या गुरुवारी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसानं नव्या अल्बममधलं एखादं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, सोडून काहीच ऐकलेलं नव्हतं. तो ‘वंडरवॉल’चे पैसे द्यायला आला होता. नव्या अल्बमचे खरे पैसे लोक त्याच्या पुढच्या अल्बमच्या वेळी देतात, किंवा देत नाहीत. म्हणून वहीत खपाचे आकडे लिहिताना एक घर मागे सरकवून लिहा. १९९७ चा आकडा १९९५ च्या अल्बमपुढे. आणि २००० साली ओएसिसचा पुढचा अल्बम आला तेव्हा पहिला नंबर मिळूनही खप कितीतरी खाली घसरला, ती घसरण ‘बी हिअर नाऊ’पुढे लिहायची. असं केलं की गोंधळ उरत नाही.

आकड्यांबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या, नाहीतर फसाल. अमेरिकेत अल्बमला गोल्ड, प्लॅटिनम हे खपाचे किताब त्या काळी द्यायचे ते कंपनीनं दुकानांकडे पाठवलेल्या प्रतींवर. पाठवलेलं परत येऊ शकतं. १८ सप्टेंबर १९७८ ला किस या बँडच्या चौघांचे चार स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी काढले होते, प्रत्येकाच्या दहा लाख प्रती बाजारात पाठवून. चारही प्लॅटिनम झाले आणि पुष्कळ खोकी माघारी आली. दुसरं, शंभर मिनिटांहून मोठा दोन तबकड्यांचा अल्बम असला की तिथे एक विकला तरी दोन मोजतात. तिसरं, बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीसाठी १९९१ च्या मेपर्यंत दुकानदारांकडून फोनवर खपाची माहिती घेत. त्यानंतर बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागले. त्यामुळे १९८५ चा आणि १९९५ चा पहिला नंबर शेजारी ठेवून तुलना करू नका. एवढं बास. आकड्यांत फार वेळ घालवायचा नाही, कान जास्त खरं बोलतात.

आता ऐकायचं कसं. संध्याकाळी ऐका, जेवणाच्या आधी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. अल्बम पहिल्या गाण्यापासून लावू नका. उतरणीच्या अल्बमचं पहिलं गाणं बहुधा दणदणीत असतं, कारण तिथपर्यंत सगळ्यांनी मिळून जीव ओतलेला असतो. मधून सुरू करा, बारा गाणी असतील तर सातव्यापासून. शेवटपर्यंत जा आणि मग पहिल्यापासून सहाव्यापर्यंत या. जिथे तुमचा हात आपसूक पुढच्या गाण्याकडे जाईल, तिथे थांबा आणि वहीत मिनिट लिहा. ही तुमची स्वतःची कॅसेटची खिडकी. हल्ली स्पॉटिफायवर अल्बमच्या पानावर प्रत्येक गाणं किती वेळा वाजलं ते दिसतं. तेही बघा, पण नंतर. सिंगल म्हणून आलेल्या गाण्यांचे आकडे फुगलेले असतात, ते सोडून उरलेल्यांकडे बघा. चांगल्या अल्बममध्ये उरलेली गाणी हळूहळू उतरत जातात. संशयित अल्बममध्ये तिसऱ्या-चौथ्यानंतर एकदम खड्डा पडतो.

गाण्याची लांबी मोजा. ‘मॉर्निंग ग्लोरी’ पन्नास मिनिटांचा आहे, ‘बी हिअर नाऊ’ एकाहत्तर. ‘ऑल अराउंड द वर्ल्ड’ नऊ मिनिटांहून मोठं आहे आणि त्याचाच शेपटासारखा तुकडा अल्बमच्या शेवटी पुन्हा येतो. हे गाणं खूप आधी रचलेलं होतं. सोबत मोठा वाद्यवृंद घ्यायला पैसे येतील तोवर ते राखून ठेवलं होतं. पैसे आले, वाद्यवृंद आला, सूर वरवर चढवत गाणं फिरत राहिलं. जानेवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. म्हणजे यादीकडे बघणाऱ्याला अजून सगळं छान चाललं होतं.

आमचे अप्पा सवाई गंधर्व महोत्सव चुकवायचे नाहीत, रात्रभर शाल पांघरून बसायचे. इंग्रजी गाण्यातलं त्यांना काही कळत नाही असं ते म्हणत. मी हे गाणं लायब्ररीत लावलं होतं तेव्हा ते डबा घेऊन आले होते. स्टुलावर बसून ऐकलं सगळं. मग म्हणाले, “अगं, हा समेवर येतो, आणि आल्यावर पुन्हा निघतो. चार वेळा आला. आता याला घरी जा म्हणणारं कोणी नाही का?” मी ते वाक्य तस्संच वहीत लिहून घेतलं. बैठकीत गायकाच्या पुढे दहा जाणते बसलेले असतात, तबलजी बघत असतो, तानपुऱ्यावरचा शिष्यही बघत असतो. आलाप लांबला तर तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तोलून लांबतो. कोट्यवधी प्रती खपलेल्या माणसापुढे स्टुडिओत असा चेहरा उरत नाही. तेव्हा लांब गाणं ऐकताना स्वतःला एवढंच विचारा : यातलं कुठलं कडवं काढलं तर गाणं मोडेल? एकही नाही असं उत्तर आलं की वहीत खूण करा. मोठं गाणं म्हणजे वाईट असं मात्र अजिबात समजू नका. ‘शॅम्पेन सुपरनोव्हा’ सात मिनिटांहून मोठं आहे आणि त्यातलं एक मिनिट काढून दाखवा बरं.

गिटार किती आहेत तेही ऐका. हेडफोन लावा, एक कान झाका, मग दुसरा. ‘बी हिअर नाऊ’त गिटारवर गिटार, त्यावर गिटार अशा इतक्या थरांवर थर आहेत की मधली हवाच गेली आहे. ‘वंडरवॉल’मध्ये चेलोसारखा आवाज येतो तेव्हा बाकीचे बाजूला सरकतात, त्याला जागा देतात. हा फरक शब्दांत सांगून कळत नाही, लागोपाठ दोन्ही लावले की लहान मुलालाही कळतो.

मग नावं वाचा. हे काम मला सगळ्यात आवडतं. भारतात निघालेल्या कॅसेटच्या आतला कागद फार तोकडा असायचा, त्यामुळे मी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ या मासिकातून आणि ओळखीच्यांच्या परदेशी सीडींवरून नावं उतरवून घ्यायची. आता सगळं घरबसल्या मिळतं. शिखराच्या अल्बमवर कोण होतं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत कोण निघून गेलं, एवढंच लिहा. गन्स एन रोझेसनं १७ सप्टेंबर १९९१ ला एकाच दिवशी दोन अल्बम काढले, मिळून तीस गाणी, अडीच तासांहून जास्त. अमेरिकेत पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर त्यांचेच. नोव्हेंबरमध्ये इझी स्ट्रॅडलिन, ज्याच्या चालींवर त्यांची कितीतरी चांगली गाणी उभी होती, बँड सोडून गेला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम यायला २००८ साल उजाडलं. ओएसिसमधून १९९९ मध्ये बोनहेड आणि गिग्सी हे दोन जुने सोबती गेले. जाणारा माणूस नेहमी सगळ्यात प्रसिद्ध नसतो. बहुतेक वेळा तो मागे उभा राहून वाजवणारा असतो आणि खोलीतलं वातावरण आपल्या आधी त्याला कळलेलं असतं. उलट बाजूनं, नव्यानं कोण आलं तेही बघा. ‘बी हिअर नाऊ’त एका गाण्यावर सिनेनट जॉनी डेपनं स्लाइड गिटार वाजवली आहे. पाहुणा आला म्हणून काही बिघडत नाही. पण घरच्यांपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त लक्षात राहायला लागली की सावध व्हा.

आता मायकल जॅक्सन, कारण इथे सगळे चुकतात. ‘थ्रिलर’ १९८२ चा. त्यानंतर ‘बॅड’ १९८७ मध्ये आला तो ‘थ्रिलर’एवढा खपला नाही म्हणून लोक ‘बॅड’ला उतरण म्हणतात. मला हे पटत नाही. ‘बॅड’मधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली, आणि आमच्याकडची ती कॅसेट दोन्ही बाजूंनी सारखी झिजली होती, तिची फीत मी नटराज पेन्सिलीनं इतक्या वेळा गुंडाळली आहे की हाताला त्या रिळाचे दाते पाठ होते. ‘बॅड’ हा ‘थ्रिलर’चा निर्माता क्विन्सी जोन्ससोबतचा शेवटचा अल्बम ठरला, तेवढी नोंद करून ठेवा.

खरी खूण मला १९९५ च्या ‘हिस्टरी’त दिसली. दोन कॅसेटचा संच होता : पहिलीत पंधरा जुनी गाजलेली गाणी, दुसरीत पंधरा नवी. १ नोव्हेंबर १९९६ ला तो मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला. त्याच्या आधी आणि नंतर महिनाभर पुण्यात त्याच्याशिवाय विषय नव्हता, आणि आमच्याकडचा तो संच एक दिवस कपाटात राहिला नाही. पण संच परत आला की पहिल्या कॅसेटची रिळं कुठेतरी मधे असायची, आणि दुसरीची फीत मी ज्या जागी सोडली होती तिथेच. दादाला दाखवलं मी. म्हटलं, एकाच डब्यात एक कॅसेट म्हातारी होतेय आणि दुसरी नवरीसारखी बसून आहे. कलावंत नव्या गाण्यांसोबत जुनी पाठवायला लागला, तर त्यालाही आतून शंका आलेली असते असं मला वाटतं. आणि नव्या गाण्यांची नावं बघा : ‘स्क्रीम’, ‘टॅब्लॉइड जंकी’, ‘मनी’. ही गाणी पेपरवाल्यांशी, खटले भरणाऱ्यांशी बोलतात. तुम्ही-आम्ही खोलीत आहोत याचा गाणाऱ्याला विसर पडलाय. त्याच्या आयुष्यात तेव्हा जे चाललं होतं ते बघता हे समजण्यासारखं आहे, पण ऐकणाऱ्याला दार बंद झाल्यासारखं वाटतं. म्हणून वहीत एक रकाना ठेवा : हे गाणं कुणाशी बोलतंय? आईशी, प्रेयसीशी, मित्राशी, देवाशी, स्वतःशी, काहीही चालेल. फक्त आपल्या टीकाकारांशी बोलणारी गाणी तीनाच्या वर गेली की लाल पेन घ्या.

त्याच दुसऱ्या कॅसेटवर ‘अर्थ साँग’ आहे. ते शेवटपर्यंत ऐकलंत का कधी? ऐका. याच्यासाठी तर मी हे सगळं लिहितेय.

दुसऱ्या दिवशी सकाळची परीक्षा सोपी आहे. पोह्यांना फोडणी घालताना, गाणं न लावता, कालच्या अल्बममधल्या किती चाली तोंडात येतात ते बघा. शब्द नकोत, नुसती चाल. आदल्या रात्री भारावून गेला असाल तरी सकाळी एकच चाल उरते, आणि कधी कधी ती वेगळ्याच, आदल्या अल्बममधल्या गाण्याची निघते. असं झालं तर ते ठळक लिहा.

जुन्या अल्बमसाठी आणखी एक पक्की परीक्षा आहे : वीस-तीस वर्षांनी तो कलावंत स्वतः मैफलीत काय गातो? ओएसिसमधले दोघे गॅलाघर भाऊ २०२५ च्या जुलैत पुन्हा एकत्र आले, कार्डिफला. रात्री तेवीस गाणी. त्यातली आठ ‘मॉर्निंग ग्लोरी’ची, ‘बी हिअर नाऊ’ची दोन. गाणाऱ्यानं स्वतःच दिलेला निकाल आहे हा.

ही रीत लावताना अन्याय होऊ देऊ नका. तीन वेळा माझ्याकडून झाला होता, म्हणून सांगते.

बी जीज, तीन गिब भावांचा बँड. ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ या सिनेमातल्या गाण्यांनंतर १९७९ मध्ये त्यांचा ‘स्पिरिट्स हॅविंग फ्लोन’ आला. त्यातली तीन गाणी अमेरिकेत पहिल्या नंबरवर, आधीची तीन धरून सलग सहा. शेवटचं जूनमध्ये. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे एका रेडिओवाल्यानं डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटानं उडवला, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. त्यानंतर रेडिओवर बी जीजना जागा मिळेना आणि १९८१ चा अल्बम पडला. मी कितीतरी वर्षं म्हणत होते की यांचा सूर गेला. मग एक दिवस नावं वाचत बसले. १९८० चा बार्बरा स्ट्रायसँडचा ‘गिल्टी’, १९८२ चं डिऑन वॉरविकचं ‘हार्टब्रेकर’, १९८३ चं केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनचं ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’, सगळ्यांच्या चाली याच भावांच्या. सूर जागेवर होता. लोकांना फक्त त्यांचा चेहरा नकोसा झाला होता. त्यामुळे एखाद्याची उतरण अल्बमच्या आत आहे की बाहेर रस्त्यावर, हे तपासल्याशिवाय शिक्का मारू नका. तपासायचं कसं? त्यानं दुसऱ्यांना दिलेली गाणी ऐका.

फ्लीटवुड मॅक. १९७७ चा ‘रूमर्स’ प्रचंड खपला, १९७९ चा दोन तबकड्यांचा ‘टस्क’ त्या मानानं कितीतरी कमी. कंपनीला तो अपयश वाटला. मला तो आता ‘रूमर्स’पेक्षा जास्त हवासा वाटतो. ते मुद्दाम वाट सोडून चालले होते, दमून बसलेले नव्हते. खप उतरणं आणि कलावंत उतरणं यात गल्लत नको.

आणि आर.ई.एम.चा १९९४ चा ‘मॉन्स्टर’. नारिंगी कव्हर, त्यावर अस्वलाचं धूसर डोकं. पहिल्या नंबरवर गेला आणि मग अमेरिकेतल्या जुन्या सीडींच्या दुकानांत त्याचे ढीग लागले, इतके की तो त्यासाठीच ओळखला जाऊ लागला. आपल्याकडेही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी जाऊन, कुठल्या सीडी पुन्हा पुन्हा दिसतात ते बघत चला. केस उघडून आतला कागद बघा. घड्या नसलेला, कडक कागद म्हणजे कुणी उघडून वाचलेलाच नाही. पण ‘मॉन्स्टर’ मी पुन्हा ऐकला तेव्हा वाटलं, हा अल्बम चुकीच्या माणसांनी विकत घेतला होता. १९९२ च्या हळव्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’चं पुढचं पान हवं होतं त्यांना, आणि हातात आली गुरगुरणारी गिटार. दौऱ्यावर १९९५ मध्ये ड्रम वाजवणारा बिल बेरी मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या दुखण्यानं स्टेजवरच कोसळला, १९९७ मध्ये त्यानं बँड सोडला. अल्बममागे माणसांचं असं काही असतं, ते माहीत असावं.

हिंदी सिनेमाच्या अल्बमना ही रीत लावू नका. तिथे गाण्याचं नशीब सिनेमाला बांधलेलं असतं, आणि संगीतकाराला वर्षाला पाच-सहा सिनेमे असायचे. मधला कुठला ते सापडणार नाही.

तीन अल्बम, एक वही, आठवडाभराच्या संध्याकाळी. शेवटी संशयित अल्बममधून तुम्हाला हवीशी वाटलेली गाणी वेगळी काढा आणि तीच, तेवढीच, एका यादीत लावून ऐका. बारापैकी चार निघाली तरी पुष्कळ झालं.

आमच्याकडे सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा दर शनिवारी यायचा, सायकल वाड्याच्या दारात आडवी टाकून. ‘बी हिअर नाऊ’ पहिल्यांदा न्यायला तोच आला होता, आणि सोमवारी परत आणली तेव्हा काही बोलला नाही. पैसे ठेवले आणि गेला. रिळं तिसऱ्या गाण्यावर थांबली होती. गेल्या वर्षी तो रविवारच्या बैठकीला आला, बाणेरला राहतो, केस पांढरे झालेत. मी लायब्ररीतल्या कॅसेट अजून ठेवल्या आहेत हे ऐकून म्हणाला, “ताई, ती आहे का हो?” होती. हेड स्पिरिटनं पुसलं, फीत पेन्सिलीनं ताणून घेतली आणि सरळ बी बाजू लावली. ‘डोन्ट गो अवे’ आलं. चार-पाच मिनिटांचं साधं गाणं, कुणीतरी जाऊ नये म्हणून गायलेलं. संपल्यावर त्यानं विचारलं, “हे यात होतं?”

मी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. रजिस्टर काढलं, त्याच जुन्या पानावर खाली जागा होती, तिथे त्याचं नाव आणि तारीख लिहिली. रिवाइंड करून आणायची नाही असं सांगितलं.